ब्लँकमध्ये काय असतं?

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मला हे मान्य नाही. माझ्या नाकावर चष्मा असतो. राग जिभेवर असतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढच्या गोष्टीत मी एका तराजूवर, एका बाटलीवर, एका पाण्याच्या टाकीवर आणि एका माणसावर संशय घेतलेला आहे.

मी औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. अंगदुखीच्या गोळ्या बनवायला पांढरी पावडर बाहेरून येते. ती पुरवठादार म्हणतो तितकी शुद्ध आहे का, हे बघायचं माझं काम. दीड ग्रॅम पावडर फ्लास्कमध्ये घ्यायची, मोजून पन्नास मिलिलिटर अल्कली घालायची, दहा मिनिटं उकळायची आणि गार करायची. पावडर अल्कली खाते. किती खाल्ली ते कळायला, उरलेली अल्कली मोजायची. म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडत बसायचं आणि आत घातलेल्या दर्शकाचा गुलाबी रंग गेला की थांबायचं.

मग ब्लँक करायचं. ब्लँक म्हणजे हेच सगळं, फक्त पावडरीशिवाय. तेवढीच अल्कली, तेवढंच उकळणं, तेवढंच गार करणं, आणि आत तपासायचं काही नाही. पाहुणा किती जेवला हे उरलेल्यावरून ठरवायचं, तर मुळात पातेल्यात किती होतं ते माहीत पाहिजे ना? ब्लँक म्हणजे ते पातेलं. ब्लँकच्या आकड्यातून नमुन्याचा आकडा वजा केला की पावडरीचं जेवण निघतं.

मी हे नवऱ्याला एकदा समजावून सांगितलं होतं. तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तू अर्धा दिवस काहीच नसलेलं तपासतेस, आणि पगार मात्र पूर्ण?"

मी तेव्हा त्याला बरंच बोलले. पण मनातून माझंही मत फार वेगळं नव्हतं.

मुलगी झाल्यावर मी वर्षभर घरी होते. परत कामावर रुजू झाले आणि महिन्याभरात गडबड सुरू झाली. पावडर किमान साडेनव्याण्णव टक्के भरायला हवी. माझी भरली अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. पुढच्या मालाची अठ्ठ्याण्णव पॉइंट सात. तिसऱ्याची पुन्हा पॉइंट आठ. तीन लॉट, सगळे नापास. गोळ्यांची यंत्रं थांबली, आणि खालून दर तासाला फोन यायला लागले.

आमच्या प्रमुख मॅडमना आम्ही पाठीमागे दशांशबाई म्हणतो. त्या वाढदिवसाच्या केकचे तुकडेसुद्धा वजन करून देतात. त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं.

"दुसऱ्या केमिस्टकडून करून घ्या."

दुसरा केमिस्ट म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा गडी. त्याचं टोपणनाव कार्बन कॉपी, कारण कुठलीही गोष्ट विचारली की तो आधी शेजारी बघतो. त्याने नवीन नमुना घेतला, नवीन वजन केलं, उकळला, टायट्रेशन केलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. मी विजयी मुद्रेने दशांशबाईंकडे पाहिलं. आता पाहा, दोघं चुकणार आहेत का?

पुरवठादाराचं उत्तर आलं, आमच्या लॅबमध्ये नव्याण्णव पॉइंट नऊ येतंय, तुम्ही काय खेळ लावलाय? त्यांच्या शब्दांत ते फार सभ्य होतं, पण अर्थ हाच.

मग चौकशी बसली. आमच्याकडे चौकशी म्हणजे एक आठ पानी फॉर्म. तराजू तपासला, बरोबर निघाला. त्याआधी मी त्याला वाटेल ते बोलून झाले होते. अल्कलीची बाटली नवी उघडली, काही फरक नाही. पाण्याच्या टाकीचा नमुना गेला, स्वच्छ. मग राहिलं काय? फ्लास्क. आणि फ्लास्क धुतात मावशी.

मावशी लॅबच्या मागच्या मोरीत काचेची भांडी धुतात. पाच वर्षांपासून रोजंदारीवर आहेत आणि पुढच्या एक तारखेला कायम होणार होत्या. कागद कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या सहीपर्यंत पोचला होता. त्या बोलत नाहीत. म्हणजे बोलता येतं, पण सकाळी आल्यावर "ताई, बरं आहे ना?" आणि जाताना "येते" एवढ्यावर त्यांचा दिवस भागतो. मला अशी माणसं कळत नाहीत. मला वाटतं, एवढं गप्प राहायला माणसाकडे काहीतरी लपवायला असणार.

तर फॉर्मच्या सहाव्या पानावर मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: "काचपात्रांवर धुण्याच्या पावडरीचा अंश राहिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही." वाक्य लिहून मला समाधान वाटलं. कसं, कुणाचं नाव नाही, आरोप नाही, नुसती शक्यता. खाली एक चौकोन होता: काचपात्र धुणाऱ्याचे म्हणणे. मी त्यात आडवी रेघ ओढली. त्यात काय असणार, म्हटलं.

दशांशबाईंनी माझी शक्यता उचलली आणि दोन दिवसांत तिचं कारण करून टाकलं. साहेबांनी कायम करण्याचा कागद थांबवला. ठरलं असं की शुक्रवारी पुरवठादाराचा केमिस्ट येईल, त्याच्यासमोर मी पुन्हा तपासणी करायची, आणि यावेळी फ्लास्क चार वेळा उकळत्या पाण्याने धुतलेले असतील. आकडा बरोबर आला, तर दोष धुण्याचा. मग कायम करणं तर सोडाच, महिनाअखेर मावशींचा हिशोब करून त्यांना घरी पाठवायचं.

मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर, थोडंसं. पण मी स्वतःला समजावलं की विज्ञानात भावनेला जागा नसते. हे वाक्य माणूस दुसऱ्याचं नुकसान होत असतानाच म्हणतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

गुरुवारी मुलीला पाळणाघरातून नवऱ्याने आणलं होतं. संध्याकाळी घरी आले तर आमची चिऊ, वय वर्षं सव्वा, जमिनीवर बसून बाहुलीला भरवत होती. हातात रिकामी वाटी आणि चमचा. ती चमचा वाटीत बुडवायची, तोंडासमोर धरायची, गाल फुगवून "फूऽऽ" करायची, आणि मग बाहुलीच्या नाकात कोंबायची. नंतर तिला वाटलं, चमच्या-चमच्याला कोण फुंकत बसणार? तिने अख्खी वाटीच तोंडापाशी आणली आणि आत पाच-सहा वेळा फू-फू केलं. थुंकीसकट.

मला हसू आवरेना. "अगं बये, रिकामी आहे ती वाटी! त्यात काय आहे फुंकायला?"

"तुझंच बघून शिकली," नवरा आतून म्हणाला. "तू हल्ली कशावरही फुंकतेस. परवा फ्रीजमधल्या दुधावर फुंकलीस. मी काही बोललो नाही, तुझ्याशी कोण वाद घालणार."

मी हसत होते ती तशीच थांबले. चिऊच्या वाटीकडे पाहिलं. रिकामी वाटी. फुंकर.

आता हे माझ्या डोळ्यांसमोर कसं आलं ते सांगते. नमुन्याचे फ्लास्क मी कसे गार करते? अगदी शहाण्यासारखे, पाण्याच्या ट्रेमध्ये, तोंडावर काचेची चकती ठेवून. कारण त्यांच्यात पावडर असते, त्यांच्यावर सह्या व्हायच्या असतात. आणि ब्लँक? ब्लँक शेवटी करते. तोवर पाच वाजलेले असतात, साडेपाचला पाळणाघर बंद होतं, आणि तिथल्या बाई पाच मिनिटं उशीर झाला तर असं बघतात की जणू मी मूल विसरून गावाला गेले होते. म्हणून ब्लँक हॉटप्लेटवरून उतरवते, चिमट्यात धरते, आणि लवकर गार व्हावं म्हणून… आई गं.

मी फुंकते. खिमट भरवताना फुंकते तशी, गाल फुगवून, फ्लास्कच्या तोंडातून थेट आत.

शाळेतल्या मुलालाही माहीत असतं की आपल्या श्वासातून कर्बवायू बाहेर पडतो. अल्कलीला तो मिळाला की ती त्याला गिळते. म्हणजे माझ्या प्रत्येक फुंकरीने ब्लँकमधली थोडी अल्कली फस्त होत होती; मग ती मोजायला आम्ल कमी लागत होतं; ब्लँकचा आकडा खाली येत होता; आणि वजाबाकी केल्यावर बिचारी पावडर अशुद्ध ठरत होती. पाहुणा व्यवस्थित जेवत होता. पातेल्यातलं मीच खात होते!

आणि कार्बन कॉपी? त्याचंही तेच कसं आलं? मी तसाच त्याला फोन लावला.

"तू त्या दिवशी ब्लँक केलं होतंस का?"

"तुझं होतं ना केलेलं. तेच घेतलं," तो म्हणाला. "ब्लँक काय, रिकामंच तर असतं. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पाणी इथे मुरत होतं तर.

त्यानंतर मी जो विचार केला तो लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी विचार केला की उद्या नुसतं फुंकायचं नाही. बस. चकती ठेवायची, ट्रेमध्ये गार करायचं, आकडा बरोबर येईल. माल पास होईल, खालचे फोन थांबतील, पुरवठादार खुश, दशांशबाई खुश. सगळे म्हणतील, चार वेळा धुतलं म्हणून आलं. मला कोणी एक शब्द विचारणार नाही. शिकलेली, बारा वर्षांची अनुभवी केमिस्ट ब्लँकवर फुंकर घालते, हे कुणाला कळायचं काही कारणच नाही.

एवढी सोपी वाट होती, आणि तिच्या टोकाला मोरीपाशी मावशी उभ्या होत्या.

शुक्रवारी पुरवठादाराचे केमिस्ट आले. उंच, सडपातळ गृहस्थ, कपाळावर सतत एक आठी, जणू ती कंपनीने दिलेली असावी. दशांशबाई माझ्या उजवीकडे, पाहुणे डावीकडे, कार्बन कॉपी मागे. मी नमुना केला. मग ब्लँक केलं. चकती ठेवली, ट्रेमध्ये गार होऊ दिलं, ओठ घट्ट मिटून उभी राहिले. माझ्या ब्लँकचा आकडा कामावर परतल्यापासून एकोणपन्नास पॉइंट चारच्या आसपास असायचा. आज आला एकोणपन्नास पॉइंट आठ एक. हिशोब केला. नव्याण्णव पॉइंट नऊ.

पाहुण्यांची आठी गेली. दशांशबाईंचा जीव भांड्यात पडला.

"पाहिलंत?" त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "भांडी नीट धुतली की येतं बरोबर. दिलगीर आहोत. धुणारी बदलतोय आम्ही."

मागे मोरीतला नळ चालू होता. तो बंद झाला. मावशींनी वळून पाहिलं नाही. नुसत्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, हातात धुतलेला फ्लास्क, त्यातून पाणी निथळत होतं.

माझी जीभ, जिच्याबद्दल मी सुरुवातीला सांगितलं, ती बारा वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या वेळी जड झाली. मग एकदम सुटली.

"मॅडम, भांड्यांचा काही संबंध नाही. मी फुंकत होते."

"काय करत होता?"

"फुंकत. ब्लँकवर. गार व्हायला."

पाहुण्यांची आठी परत आली, आणि यावेळी सोबत एक जास्तीची घेऊन आली.

"सिद्ध करून दाखवा," दशांशबाई म्हणाल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

मी दोन ब्लँक लावले. तीच अल्कली, तेच चार वेळा धुतलेले फ्लास्क, दहा मिनिटं उकळणं. एकावर चकती ठेवली. दुसरा चिमट्यात धरला आणि तोंडासमोर आणला. आता सांगा, तीन माणसं टक लावून बघत असताना कोणाला फुंकता येतं? गाल फुगवले की हसू येई. हसू दाबलं की नुसती हवा नाकातून जाई.

"नेहमीसारखं फुंका," दशांशबाई कडक आवाजात म्हणाल्या. "जोर तोच हवा. आणि किती वेळा फुंकता नेहमी?"

"मोजलं नाही मॅडम."

"मोजलं नाही?" त्यांना खरा धक्का इथे बसला. "बरं. आता मोजा. मी लिहिते."

मी डोळे मिटले, चिऊचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि फुंकले. दशांशबाईंनी मोठ्याने मोजलं. बारा. पाहुण्यांनीसुद्धा आपल्या वहीत बारा लिहून घेतलं.

झाकलेला फ्लास्क: एकोणपन्नास पॉइंट ऐंशी. फुंकलेला: एकोणपन्नास पॉइंट एकोणचाळीस. दशांशबाईंनी दोन्ही आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले. पाहुणे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मग फॉर्म आला. आमच्याकडे लिहिलेलं खोडता येत नाही. चुकीच्या शब्दांवर एकच सरळ रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, सही आणि तारीख. मी माझ्या सुंदर वाक्यावर रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: "केमिस्टने ब्लँकवर फुंकर मारली." ते वाक्य अजून तिथे आहे. वीस वर्षं फाइल जपायचा नियम आहे, म्हणजे चिऊचं कॉलेज संपेपर्यंत तरी राहील.

"कारणाचा प्रकार?" दशांशबाई यादी बघत पुटपुटल्या. "यंत्र, काच, रसायन, पाणी, माणूस… फुंकर कशात घालायची?"

"माणसात घाला," मी म्हटलं.

त्यांचं बोट पान उतरत त्या चौकोनापाशी थांबलं. काचपात्र धुणाऱ्याचे म्हणणे. आणि माझी आडवी रेघ.

"हे का मोकळं?"

मी फॉर्म उचलला आणि मोरीपाशी गेले.

"मावशी, इथे तुमचं म्हणणं लिहायचं राहिलंय. माझ्यामुळे राहिलं. मला माफ करा."

मावशींनी हात पदराला पुसले. माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं.

"काय लिहायचं ताई?"

"तुम्हाला जे माहीत असेल ते."

"मला काय माहीत असणार?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुम्ही फुंकता ते माहीत होतं."

"काय?"

"रोज बघते की. पाच वाजले की तुम्ही शेवटची बाटली उतरवता आणि फू-फू करता. पहिले असं नव्हतं. बाळ झाल्यावर सुरू झालं."

माझ्या हातातला फॉर्म खाली आला. "मग बोलला का नाहीत हो?"

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात टोमणा शोधूनही सापडला नाही. "मला वाटलं, पुस्तकात असेल तसं. आणि मला विचारलं कुणी?"

मी त्या चौकोनात त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. फू-फू सकट. जागा पुरली नाही, तर मागच्या पानावर गेले. मावशींनी वाचून बघितलं, सावकाश, एकेक अक्षर, आणि खाली सही केली.

त्यांचा कागद सोमवारी सही होऊन आला. एक तारखेला त्या कायम झाल्या. मला दशांशबाईंकडून लेखी समज मिळाली, आणि लॅबच्या भिंतीवर एक पाटी लागली: "ब्लँक नमुन्याइतक्याच काळजीने करावे." कार्बन कॉपीने खाली पेन्सिलीने "फुंकू नये" असं जोडलं. मी त्याला बोलणार होते, पण त्याचं ब्लँक आता तो स्वतःच करतो, म्हणून सोडून दिलं.

पाटी लागली त्याच दिवशी पाच वाजता मी शेवटचा फ्लास्क उतरवला. पाळणाघराचं घड्याळ डोक्यात टिकटिकत होतं. गाल आपोआप फुगले होते. तेवढ्यात शेजारून एक हात पुढे आला, पाण्याने सुरकुतलेला, आणि त्यात धुऊन लखलखीत केलेली काचेची चकती होती.

"घ्या ताई," मावशी म्हणाल्या. "तोंडावर झाकण ठेवा."

कोणाच्या तोंडावर, ते त्यांनी सांगितलं नाही. मी चकती घेतली, फ्लास्कवर ठेवली, आणि पाळणाघराला उशीर होईपर्यंत गप्प उभी राहिले.